सीलंटवरचं मेण

देवानं डोळे सगळ्यांना दिले, पण बघण्याचं काम एकट्या आमच्या धाकट्या दिरांवर सोपवलं, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही-आम्ही नुसती नजर टाकतो, भाऊजी बघतात. चाकणच्या एका मोटार कंपनीत, पेंट शॉपच्या शेवटच्या टोकाला, पांढऱ्याफटक दिव्यांच्या बोगद्यात उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली. समोरून नुकती रंगवलेली गाडी सरकत यायची आणि भाऊजींनी तिच्यातली खोट शोधायची. कुठे रंगाचा ओघळ, कुठे अडकलेला धुळीचा कण, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झालेला पत्रा. खोट काढण्याबद्दल पगार मिळणारा आमच्या घराण्यातला हा एकच माणूस. बाकीच्यांनी हे काम आयुष्यभर फुकट केलं. आता ते निवृत्त झालेत, पण त्यांच्या डोळ्यांना ते कुणी कळवलेलं नाही.

नणंदेच्या मुलासाठी आम्ही मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी खाली मान घालून बसलेली, तिचे वडील हवापाण्याचं बोलत होते, आणि भाऊजींनी पोह्यांची स्टीलची बशी रिकामी केली, खिडकीकडे तिरपी धरली आणि बराच वेळ तिच्यात पाहत राहिले. हळूहळू सगळ्यांच्याच नजरा त्या बशीकडे वळल्या. पोह्यांत काही निघालं की काय, म्हणून मुलीच्या आईचा चेहरा उतरला. मग भाऊजी अगदी मायेनं म्हणाले, "काकू, घासणी गोल फिरवता तुम्ही. सरळ फिरवत जा. गोल फिरवली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात." नणंदेनं कपाळाला हात लावला. मुलगी मात्र फिसकन हसली आणि त्या हसण्यावरच आमचा भाचा भाळला. आता त्यांचा संसार रावेतला मजेत चाललाय आणि त्यांच्या घरी घासणी सरळ फिरते.

तोंडदेखलं बोलणं ही विद्या त्यांना कुणी शिकवलीच नाही. ते राहतात कुरुळीत. तिथल्या शेजाऱ्यानं नवी गाडी आणली, पेढा भाऊजींच्या हातावर ठेवला आणि कशी वाटते म्हणून विचारलं. भाऊजींनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पेढा तोंडात टाकला आणि सांगितलं की गाडी सुरेख आहे, फक्त डावीकडचा मागचा दरवाजा दुसऱ्यांदा रंगवलेला आहे. पेढेवाटप तिथेच थांबलं. माझी धाकटी जाऊ त्याच भागातली, खेड तालुक्यातली, बोलायला मोकळी. ती नवऱ्याला म्हणाली, "एक डाव न्हाई दिसलं म्हणाला असता, तर काय जीभ झडली असती व्हय?" भाऊजींना खरोखरच कळेना. दिसलेलं न दिसलं कसं म्हणायचं? हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं तुम्ही ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

गाडीजवळ जायचं तर सोवळ्यात जायचं. घड्याळ, अंगठी, किल्ल्या आणि कमरेचा पट्टा आधी उतरवायचा, कारण पट्ट्याचं बक्कल हा त्यांच्या मते मोटारींचा जन्मजात वैरी. मोशीच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो असताना नवरदेवाची सजवलेली गाडी बघायला म्हणून त्यांनी पट्टा काढून खिशात ठेवला, तो खिशातच राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा ते पहिल्या रांगेत. त्या लग्नाच्या अल्बममध्ये भाऊजी एका हातानं अक्षता टाकताहेत आणि दुसऱ्या हातानं घराण्याची अब्रू धरून उभे आहेत.

निवृत्तीनंतर ते हौसेनं लोकांच्या गाड्यांना मेण लावून चकाकी आणून देतात, तिथे फडक्यांचंही असंच. जमिनीवर पडलेलं फडकं मेलं. ते पुन्हा गाडीला लागायचं नाही. मेणाची फडकी वेगळी, सीलंट नावाच्या औषधाची वेगळी, ती वेगळ्या बादलीत भिजतात आणि वेगळ्या दोरीवर वाळतात. जाऊ म्हणते, "माज्या लुगड्याला न्हाई एवढा मान." मेणाचा डबा उन्हाळ्यात फ्रीजमध्ये, लोण्याच्या शेजारी. एकदा तिनं ते भेगांवरचं मलम समजून टाचांना चोपडलं. आता घरात महाभारत होणार म्हणून मी श्वास रोखून बसले होते. भाऊजींनी डब्यातला खड्डा पाहिला, तिच्या टाचा पाहिल्या आणि एवढंच विचारलं की लावण्याआधी पाय धुवून कोरडे केले होते ना.

दसऱ्याला तर त्यांची खरी परीक्षा. आमच्या पट्ट्यात खंडेनवमीला कंपन्याकंपन्यांतून यंत्रांची पूजा होते, दसऱ्याला दारोदारच्या गाड्यांची. बायका हळदीकुंकू घेऊन निघतात आणि बॉनेटवर मोठ्ठं स्वस्तिक काढतात. भाऊजी प्रत्येकीला अडवतात आणि हात जोडून नंबरप्लेट दाखवतात. देव काय, तिथूनही बघतो. झेंडूचा हार दोऱ्यात ओवलेला असेल तरच, तारेचा असेल तर परत. चाकाखालच्या लिंबांना हरकत नाही, ते टायरनं बघून घ्यावं.

आता मूळ शास्त्र सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं एक पातळ औषध. ते रंगाला घट्ट धरून बसतं आणि ऊन, पाऊस, धूळ कित्येक महिने अडवतं. पण त्याची चकाकी कोरडी, काचेसारखी. मेण येतं ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून, कार्नोबा त्याचं नाव. ते काही आठवड्यांत उडून जातं, पण असेपर्यंत रंग असा खुलतो की आत्ताच पाऊस पडून गेलाय असं वाटावं. म्हणून आधी सीलंट, ते रात्रभर मुरू द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी वर मेण. उलटं करणारा माणूस भाऊजींच्या लेखी माणसातून उठला, कारण मेणावर सीलंट धरतच नाही. "सीलंट राखतं, वहिनी, आणि मेण खुलवतं," असं ते मला कितीदा म्हणाले असतील. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे ब्राझील हे माझं माहेर असल्यासारखी ते तिथल्या पावसापाण्याची चौकशी माझ्याकडे करतात. आपलं पान सुकू नये म्हणून ते झाड स्वतःच अंगावर मेण चढवतं, हे मी सांगितलं त्या दिवशी ते जेवायचे थांबले. "झाडाला कळतं बघा," एवढंच म्हणाले.

आणि गंमत ऐका. या माणसाला गाडी चालवता येत नाही. गाड्यांच्या घोळक्यात जन्म गेला, पण स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. आतमध्ये बसलं की गाडी दिसत नाही, मग मजा काय, असं त्यांचं म्हणणं. कुठेही जायचं तर पीएमपीची बस, नाहीतर रिक्षा.

त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, बरोब्बर उलटे. ह्यांच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकांची पिशवी. चाकणच्या बाजारातून कांद्याची गोणी आणायची ती टपावर टाकून, आणि कुठेही गप्पा मारायच्या त्या पुढच्या चाकावरच्या पत्र्याला टेकून, पट्ट्यासकट. भाऊजी लांबून ओरडायचे, "दादा, पट्टा." हे हसायचे आणि आणखी ऐसपैस टेकायचे. आमची गडद निळी गाडी नवी होती तेव्हाच त्या पत्र्यावर बक्कलाचा एक तिरपा ओरखडा उठला. त्यावरून दोघे भाऊ दिवाळीभर एकमेकांशी बोलले नाहीत. चकल्या तेवढ्या एका ताटात खाल्ल्या.

मला गाडी शिकवली ती ह्यांनीच. लायसन निघालं, चार वेळा भाजीला जाऊन आले, आणि एके दिवशी सकाळी चहा घेता घेता हे गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, असेल.

त्यानंतर गाडी ताथवड्याच्या आमच्या सोसायटीत खाली पार्किंगमध्ये उभी राहिली आणि मी वर. शाळेत रिक्षानं जायचं, रिक्षानं यायचं, दार लावून घ्यायचं. मुलगा बंगळूरला. त्याचा जीव तुटायचा, खोटं कशाला बोलू. तो म्हणायचा, आई, गाडी काढून टाक, मग घराचंही बघू आणि तू इकडेच ये. मला जायचं नव्हतं. माझी शाळा इथं, माझी माणसं इथं, ह्यांच्या चपला अजून दारात. पण नाही म्हणायला काही कारण तर हवं, आणि खाली धूळ खात उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं की माझ्याकडे एकही कारण उरत नसे. शेवटी मी बरं म्हटलं. त्यानं एक गिऱ्हाईक ठरवलं; रविवारी संध्याकाळी गाडी बघायला येणार होतं.

शनिवारी सकाळी भाऊजी दारात. खांद्याला फडक्यांची पिशवी, हातात मेणाचा डबा. म्हणाले, विकायची तर नीट दाखवून विका. मला बोलायचा कंटाळा आला होता, मी किल्ली दिली. दिवसभर ते खाली होते. गाडी धुतली, पुसली, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून सगळ्या पत्र्यावरून फिरवला, कारण पिशवीतून म्हणे बारीकसा खडाही बोटांना कळतो. मग पॉलिशनं एकेक ओरखडा काढला, सीलंट लावलं आणि रात्री आमच्याकडेच हॉलमध्ये झोपले. रविवारी सकाळी मेण. मी चहा घेऊन खाली गेले आणि तिथेच थबकले. गाडी इतकी देखणी मी शोरूममध्येही पाहिली नव्हती. फक्त पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर तो तिरपा ओरखडा होता तसाच होता. मी विचारलं, हा राहिला का.

"राहिला नाही, ठेवलाय," भाऊजी म्हणाले. "दादाचा आहे. वरून सीलंट लावलंय, आता कुठं जात नाही."

विकायच्या गाडीवरचा ओरखडा कुणासाठी राखायचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. डोळे भरून आले होते आणि हातातला चहा सांभाळायचा होता. भाऊजींनी चहा प्यायला, फडकं घडी केलं आणि सांगितलं की काम अजून अर्धंच झालंय. सीलंटवर मेण चढवलं की गाडी उन्हातून फिरवावी लागते, पत्रा तापला की मेण बसतं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पांढरं पडतं. मी म्हटलं, मग फिरवा. म्हणाले, "मला कुठं येतं? कुरुळीपर्यंत तुम्हीच घ्या. मलाही घरी जायचंच आहे."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी उडवून लावलं असतं. पण हे भाऊजी. पेढा तोंडात असताना खरं बोलणारा माणूस. मी साडीचा पदर खोचला आणि बसले. रावेतला पहिल्यांदा गाडी बंद पडली, निगडीला दुसऱ्यांदा. मागचे लोक हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. शेजारी भाऊजी मांडीवर डबा घेऊन समोर बघत बसलेले. चालवण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, कारण त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मधेच तेवढं म्हणायचे, तापतोय पत्रा, छान तापतोय. स्पाईन रोडला माझे गिअर न बघता पडायला लागले. मोशीच्या पुढे, नाशिक रस्त्यावर, एक भलामोठा कंटेनर शेजारून गेला आणि मी घाबरले नाही, हे मला तो गेल्यावर कळलं.

कुरुळीला ते उतरले आणि खिडकीतून वाकून म्हणाले, "आता परत जाताना उरलेलं बसेल. सावकाश जा, वहिनी."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की परत मला एकटीलाच जायचंय. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. पण गेले. घामाघूम होऊन, एक वळण चुकून, चुकलेलं वळण पुन्हा घेऊन गेले, आणि सोसायटीत शिरताना वॉचमननं सलाम ठोकला तो मी मान हलवून स्वीकारला. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. गाडीवरून हात फिरवून खूश झालं. ओरखड्यापाशी थांबून म्हणालं, हा काढून द्याल का? मी म्हटलं, "तो निघत नाही. आणि गाडीही विकायची नाही." मग वर जाऊन मुलाला फोन केला की मी इथेच राहणार आहे आणि पुढच्या वेळी विमानतळावर घ्यायला मी येणार आहे. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाला, हॉर्न वाजवत ये.

तेव्हापासून मेण उडालं की भाऊजी डबा घेऊन हजर, आणि मेण चढलं की आमची कुरुळीची फेरी. मध्यंतरी एकदा त्यांच्या घरी मी आणि जाऊ भाकरी करत बसलो होतो. मी सहज म्हणाले, उठते आता, मेण बसायचंय. तिनं परातीतला हात थांबवला. "कशाचं बसायचंय, ताई? लोकांच्या गाड्यांना मेण लावत्यात तवा सावलीतून हलवू देत न्हाईत. धूळ बसंल म्हणून मालकालाबी भांडत्यात." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिनं भाकरी उलटली आणि ती म्हणाली, "मी काय बोलले न्हाई बरं का."

मीही बोलले नाही. ज्या माणसाला एका पेढ्यापुरतं खोटं बोलता आलं नाही, त्यानं आपलं उभं शास्त्र माझ्यासाठी मोडलं होतं. ताज्या मेणावर नाशिक रस्त्याची धूळ बसताना शेजारी बसून त्यांचा जीव किती कासावीस झाला असेल, याचा मी किती वेळा विचार केलाय. आभार मानले असते, पण मानले की त्यांचं खोटं उघडं पडणार, आणि उघडं पडलं की ते पुन्हा फेरीला यायचे नाहीत.

यंदा डॉक्टरांनी भाऊजींच्या डोळ्यांत काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, बसमधून एकट्यानं येणं बंद झालं. चिंचवडच्या डॉक्टरांकडे आता मीच त्यांना नेते-आणते. मेणाचा दिवस असला की गाडी घेऊन मीच कुरुळीला जाते आणि त्यांच्या दारातल्या शेडखाली मीच मेण लावते. भाऊजी खुर्चीवर बसून हुकूम सोडतात आणि शेवटी पिशवीत हात घालून सगळा पत्रा तपासतात. परवाच्या रविवारी त्यांचा हात फिरत फिरत त्या तिरप्या ओरखड्यापाशी आला आणि तिथेच राहिला.

"वहिनी, एक सांगायचं राहिलंय," ते म्हणाले. "मेण बसायला गाडी फिरवावी लागत नाही."

"माहीत आहे, भाऊजी."

त्यांनी मान वर केली. माझा चेहरा त्यांना कितपत दिसला कोण जाणे. मग मी इतके दिवस साठवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, तुमच्या त्या एका खोट्यामुळे मी माझ्या घरात आहे. माझी शाळा, माझा स्वयंपाक, माझं दार, सगळं त्या दिवशी तुम्ही वाचवलंत. ते गोरेमोरे झाले, फडकं शोधायला लागले, ते त्यांच्या हातातच होतं.

"मग आता आज नको ना जायला?" त्यांनी विचारलं. विचारताना आवाज अगदी लहान झाला होता.

मी म्हटलं, जायचं तर. पत्रा तापायला नको का?

आळंदी फाट्यावर आम्ही चहाला थांबलो. मी दोन कप घेऊन वळले तर भाऊजी गाडीतून उतरून हातानं चाचपत पुढच्या चाकापर्यंत गेले होते आणि पत्र्याला टेकून उभे होते. चांगले ऐसपैस, एक पाय दुमडून, थेट ह्यांच्यासारखे. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि ताज्या मेणावर धूळ बसत होती. कमरेला पट्टा तसाच होता. "भाऊजी, पट्टा" हे अगदी माझ्या ओठांवर आलं. मी त्यांच्या हातात चहा दिला आणि शेजारी मीही टेकले.